बालसैनिक आणि टोळीतला मुलगा

युद्धात आणि शहरी टोळीत बंदूक हाती आलेल्या दोन मुलांच्या आयुष्यात फरक थोडाच, पण कायद्याच्या नजरेत तो जमीन-अस्मानाचा आहे. बालसैनिकाच्या पाठीशी बालहक्क कराराला २००० साली जोडलेला पूरक करार आहे; सुटकेनंतर त्याच्या पुनर्वसनाची जबाबदारी राज्यावर येते. ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोच्या फावेलांत, म्हणजे झोपडपट्ट्यांत, पोलीस दिसताच फटाका उडवून इशारा देणारा आणि पुढे अमली पदार्थांच्या टोळीसाठी रायफल घेऊन पहारा करणारा मुलगा मात्र, तीच हुकमत आणि डोक्यावर मृत्यूची तीच टांगती तलवार असूनही, आधी गुन्हेगार ठरतो. तो पैशासाठी स्वखुशीने गेला, हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. १५ वर्षांखालील बालसैनिकाची संमती आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानेही ग्राह्य धरलेली नाही.