पुढचा डिस्क ब्रेक कधी लागतो, कधी नाही: हवा काढायची, किट टाकायचं की कॅलिपर उघडायचा?

सकाळी ब्रेक कडक, दुपारी लिव्हर थेट मुठीला टेकतो, आणि गॅरेजात नेला की पुन्हा शहाण्यासारखा वागतो. अशा दुचाकीला साधारण तीन सल्ले मिळतात: हवा काढून ऑइल बदला, मास्टर सिलिंडरचं (लिव्हरजवळच्या, ऑइल ढकलणाऱ्या पंपाचं) किट टाका, नाहीतर कॅलिपर (चाकाजवळचा, डिस्कवर पॅड आवळणारा भाग) उघडून साफ करा. (चौथा, 'सगळी असेंब्लीच बदलू', हा निदान टाळणाऱ्याचा सल्ला.) तिन्ही कामं आपापल्या जागी बरोबर आहेत. कुठलं करायचं हे ब्रेक नेमका कधी दगा देतो त्यावर ठरतं.

आधी दहा मिनिटांची तपासणी

गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद. लिव्हर दोन बोटांनी अगदी सावकाश दाबा आणि हलक्या दाबावर मिनिटभर धरून ठेवा. तो हळूहळू खाली सरकत गेला आणि बाहेर कुठेही ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरमधला पुढचा कप (पिस्टनवरचा रबरी सील) गेला आहे. झटक्यात दाबल्यावर कपाची कड फुलून भिंतीला घट्ट बसते; सावकाश दाबल्यावर ऑइल कडेवरून मागे निसटतं. मेकॅनिक पटापट दाबून बघतो तेव्हा ब्रेक झकास लागतो आणि सिग्नलजवळ हळूच दाबला की खाली जातो, त्याचं कारण हेच.

लिव्हर आधी स्पंजासारखा आणि चार-पाचदा दाबल्यावर कडक होत असेल, तर लाइनमध्ये, म्हणजे ऑइलच्या नळीत, हवा आहे. लिव्हर एरवी बरा, पण खड्ड्यांच्या रस्त्यानंतर पहिला दाब पोकळ आणि दुसरा व्यवस्थित, असं असेल तर पुढचं चाक वर-खाली धरून हलवा. बेअरिंग ढिलं असलं किंवा डिस्क वाकलेली असली, की डिस्क पॅडना मागे ढकलते आणि पहिला दाब पॅड परत आणण्यातच जातो. इथे तिन्ही सल्ल्यांचा उपयोग नाही.

हवा काढणं आणि ऑइल बदलणं

सगळ्यात स्वस्त, आणि ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर सुरुवात इथूनच करावी. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं डॉट 4 (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, 3.7 टक्के पाणी मुरल्यावर ही हमी 155 अंशांवर येते. डॉट 3 चे हेच आकडे 205 आणि 140. वरंध किंवा ताम्हिणी घाट पुढचा ब्रेक धरून उतरलात, कॅलिपर तापला, आतल्या पाण्याची वाफ झाली, की लिव्हर मुठीला टेकतो. अर्ध्या तासाने गार झाल्यावर ब्रेक जसाच्या तसा. बिघाड तापल्यावरच येत असेल आणि गार झाल्यावर जात असेल, तर आधी ऑइल बदला.

मास्टरवरच्या ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचंच ऑइल घ्या. डॉट 4 च्या जागी डॉट 5.1 चालतं; डॉट 5 मात्र सिलिकॉनचं असतं, ते घालू नका. एका डिस्कच्या लाइनला 100 ते 150 मिली पुरतं, पण बाटली नवी, सीलबंद हवी. कॅलिपरवरच्या निपलला (हवा काढायच्या पोकळ स्क्रूला) पारदर्शक नळी लावा. लिव्हर दाबा, निपल उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. मध्येच टाकी रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

बहुतेक ठिकाणी चूक इथे होते: हवा काढताना लिव्हर मुठीपर्यंत दाबला जातो. रोजच्या वापरात कप सिलिंडरच्या पुढच्या थोड्याच भागात फिरतो. पलीकडच्या भिंतीवर मळ आणि गंज साठलेला असतो. जुना कप त्यावरून फिरला की फाटतो, आणि हवा काढायला आणलेली गाडी आठवड्यात किटसाठी परत येते. जुन्या गाडीत लिव्हरमागे लाकडाचा तुकडा धरा, म्हणजे तो मुठीपर्यंत जाणार नाही.

शेवटचे बुडबुडे मास्टरच्या बँजो बोल्टपाशी (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टपाशी) अडकतात. हँडल वळवून मास्टर सर्वात उंच करा आणि लिव्हर दोरीने मुठीला बांधून रात्रभर ठेवा. सकाळी दोरी सोडली की बरेच बुडबुडे टाकीत येतात.

मास्टर सिलिंडरचं किट

सावकाश दाबाच्या चाचणीत लिव्हर खाली गेला तर हेच काम. किटमध्ये पिस्टन, दोन कप, स्प्रिंग, सर्क्लिप (पिस्टन आत अडवून ठेवणारी रिंग) आणि रबरी बूट येतं. सर्क्लिप खोलवर असते. लांब तोंडाची सर्क्लिप पकड नसेल तर हात घालू नका. कपाची ओठासारखी कड आतल्या बाजूला, स्प्रिंगकडे येते. सगळं नव्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवा. पेट्रोल, डिझेल किंवा साधं ग्रीस लागलं तर रबर फुगतं. किट बसवण्याआधी सिलिंडरच्या भिंतीवरून नख फिरवा. ते अडकलं, तर नवा कपही टिकणार नाही. तेवढ्याच वेळी पूर्ण मास्टर बदलणं परवडतं.

उलटा बिघाड, म्हणजे चालवताना ब्रेक आपोआप जाम होणं आणि थांबल्यावर सुटणं, हाही बहुधा इथलाच. टाकीच्या तळाशी एक मोठं आणि एक सुईएवढं छिद्र असतं. झाकण काढून लिव्हर अगदी थोडा दाबा: त्या बारीक छिद्रातून ऑइलचा छोटा कारंजा उठला पाहिजे (वरून फडकं धरा). नाही उठला तर छिद्र मळाने बुजलंय, किंवा बाजारातला शॉर्टी (आखूड) लिव्हर पिस्टनला सतत दाबून छिद्र झाकतोय. तापून फुगलेल्या ऑइलला परत यायला वाटच उरत नाही. हा दोष नुसती हवा काढून कधीच जात नाही.

कॅलिपर

लिव्हर कडक आहे पण गाडी थांबत नाही, तेव्हा कॅलिपर आणि पॅडकडे बघा. एक पॅड झिजलेला आणि दुसरा जाड असेल, तर सरकत्या पिना सुकल्या आहेत: साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा आणि फाटलेली बुटं बदला. पिस्टनवर गंजाचे खड्डे दिसले तर सील आणि पिस्टन दोन्ही बदला. फोर्कच्या सीलमधून ऑइल डिस्कवर येत असेल तर आधी तो सील, मग पॅड. तेल प्यायलेला पॅड घासून वाचत नाही. होज (ऑइलची नळी) सोडलाच तर बँजोचे तांब्याचे वॉशर नवे घाला.

तरीही ठरत नसेल तर

मास्टरमधून होज काढा आणि त्याच आट्यांचा बंद बोल्ट नव्या वॉशरसह लावा (1.00 की 1.25 पिच ते आधी बघा). थोडी हवा काढून लिव्हर दाबा. दगडासारखा कडक राहिला तर मास्टर चांगला, दोष खाली आहे. खाली गेला तर कॅलिपर उघडण्यात वेळ घालवू नका. एबीएस असलेल्या गाडीत हवा मॉड्युलेटरमध्ये (एबीएसच्या दाब नियंत्रित करणाऱ्या भागात) अडकू शकते. काही मॉडेलमध्ये ती स्कॅनर लावूनच निघते, म्हणून लाइन रिकामी होऊ देऊ नका.