टेक कंपनीची फेररचना: कार्यनिहाय, प्रॉडक्टनिहाय की मॅट्रिक्स?

फेररचनेचा विषय निघाला की पहिल्याच बैठकीत ऑर्ग चार्ट उघडतो आणि कोण कोणाला रिपोर्ट करणार यावर तास जातात. माझा आग्रह असा की, आधी नुकतंच रिलीज झालेलं एक फीचर घ्या आणि मागणी आल्यापासून ग्राहकापर्यंत पोहोचेस्तोवर ते कुठे कुठे अडकलं, हे तारखांसह लिहून काढा. कोडिंग दोन दिवसांचं, पण बॅकएंड टीमच्या रांगेत दोन आठवडे, टेस्टिंगसाठी आणखी एक, मग मंजुरी. कोणती रचना हवी याचं बरंचसं उत्तर याच यादीत सापडतं.

थांबे टीम-टीममधल्या देवाणघेवाणीत असतील, तर प्रॉडक्टनिहाय रचना घ्या. डिझायनर, डेव्हलपर, टेस्टर एकाच टीममध्ये आले की निर्णय तिथल्या तिथे होतात. पण तीन टीम लॉगिनचे तीन वेगळे मार्ग बांधतात, आणि टीममधल्या एकट्या डेटा इंजिनियरला त्याच्या कामातलं शिकवायला कोणी उरत नाही. त्यामुळे सामायिक गोष्टींसाठी वेगळी प्लॅटफॉर्म टीम सुरुवातीपासूनच धरून चला.

प्रॉडक्ट मोजकी आणि एकमेकांत गुंतलेली असतील, तर कार्यनिहाय रचना, म्हणजे एकाच प्रकारचं काम करणारे सगळे एका विभागात, सरस. 1997 मध्ये परतल्यावर स्टीव्ह जॉब्स यांनी ॲपलमधली स्वतंत्र बिझनेस युनिट मोडून हार्डवेअर, सॉफ्टवेअर, मार्केटिंग अशी कार्यनिहाय घडी बसवली. मायक्रोसॉफ्टही 2013 मध्ये त्याच दिशेने वळली. अडचण एकच, पण मोठी: दोन विभागांचं जुळलं नाही की निर्णय वर जातो आणि वरच्यांच्या कॅलेंडरवर अडकतो.

मॅट्रिक्समध्ये प्रत्येकाला दोन बॉस असतात, एक विभागाचा आणि एक प्रॉडक्टचा. कागदावर ती दोन्हींचा फायदा देते. स्पॉटिफायची 2012 मधली स्क्वॉड (प्रॉडक्टवरची छोटी टीम) आणि चॅप्टर (एकाच प्रकारचं काम करणाऱ्यांचा गट) अशी रचना हा त्याचाच एक अवतार. अनेकांनी ती जशीच्या तशी उचलली, खरं तर ती मांडणाऱ्या मूळ लेखातच ही वाटचाल चालू असल्याचं म्हटलं होतं. अप्रेझल कोण करणार आणि कामाचा क्रम कोण ठरवणार, ही दोन उत्तरं लेखी नसतील तर मॅट्रिक्सच्या वाटेला जाऊ नका. दोन बॉसमध्ये भरडला जातो तो डेव्हलपर.

संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी 1968 मध्येच मांडलं होतं की संस्था ज्या सिस्टिम घडवते, त्यांच्यात तिच्या संवादाची रचनाच उतरते. म्हणून टीमच्या सीमा आखताना सॉफ्टवेअर आर्किटेक्टला बैठकीत बसवा. एचआर आणि व्यवस्थापन पुरेसे नाहीत.

संस्थारचनेचे अभ्यासक जे गॅलब्रेथ यांच्या स्टार मॉडेलमध्ये पाच टोकं आहेत: धोरण, रचना, प्रक्रिया, मोबदला, माणसं. बहुतेक कंपन्या दुसरं टोक हलवून थांबतात. प्रॉडक्ट टीम केल्या आणि बोनस मात्र विभागाच्या आकड्यांवरच ठेवला, तर लोक जुन्याच बॉसचं ऐकतील, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

तरीही ठरत नसेल, तर एकाच प्रॉडक्टवर तिमाहीभर नवी रचना चालवा, बोनसच्या निकषांसकट. तिमाही संपल्यावर थांब्यांची यादी पुन्हा काढा. रांगा आटल्या नसतील तर बाकीच्या टीमना हात लावू नका.