रुबी की मधगंधी? तैवानच्या काळ्या चहाचे पहिले पाकीट निवडताना

तैवानचा सुट्या पानांचा काळा चहा पहिल्यांदाच मागवायचा ठरवला, की दोन नावे हटकून समोर येतात. एक सन मून लेक परिसरातला ‘रुबी’, म्हणजे तैवान चहा क्रमांक १८. आणि दुसरा पूर्वेकडच्या ह्वालिएन जिल्ह्यातला ‘हनी ब्लॅक’, ज्याला या लेखात सोयीसाठी मधगंधी म्हटले आहे. दोन्ही महाग आहेत, दोन्ही दूध न घालता प्यायचे आहेत, आणि दोहोंच्या वर्णनात इतकी विशेषणे असतात की ते वाचून निर्णय होण्याऐवजी लांबणीवरच पडतो. हे दोन्ही चहा घरी आलटून पालटून करत आल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की ही निवड चवीच्या आवडीपेक्षा चहा करण्याच्या आपल्या सवयीवरून करावी. कारण यातला एक चहा करणाऱ्याचा हलगर्जीपणा पोटात घालतो आणि दुसरा घालत नाही.

मुळात ही दोन नावे एका पातळीवरची नाहीत. रुबी हे झाडाच्या वाणाचे नाव आहे, तर मधगंधी हे चहाच्या पानावर जे घडले त्याचे नाव आहे. एकाने हापूस म्हणावे आणि दुसऱ्याने पाडाचा आंबा म्हणावे, तसा हा प्रकार आहे. याचा व्यवहारातला परिणाम असा, की चांगल्या मळ्यातला रुबी यंदा आणि पुढच्या वर्षी बराचसा सारखा लागतो, पण मधगंधीची प्रत त्या उन्हाळ्यात काय घडले यावर ठरते, आणि एकाच विक्रेत्याच्या दोन पाकिटांत चांगलाच फरक पडू शकतो.

रुबीची कूळकथा आपल्या दृष्टीने थोडी जवळची आहे. जपानी राजवटीत, १९२५ च्या सुमारास, आसामच्या मोठ्या पानांच्या चहाचे बी नानतौ जिल्ह्यातल्या, सन मून लेकच्या परिसरातल्या युछी भागात लावले गेले आणि १९३६ मध्ये तेथे काळ्या चहाचे संशोधन केंद्र उभे राहिले. पुढे मजुरी वाढली, परदेशी बाजार आटला, आणि कित्येक मळ्यांतला चहा काढून तेथे सुपारी लावली गेली. असा निर्णय शेतकरी का घेतो हे कोकणातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. ब्रह्मदेशातला मोठ्या पानांचा चहा आणि तैवानच्या डोंगरातला रानचहा यांच्या संकरातून तयार झालेला क्रमांक १८ हा वाण १९९९ मध्ये जाहीर झाला, आणि त्याच वर्षी २१ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर झालेल्या भूकंपाने, ज्याचे केंद्र याच नानतौ जिल्ह्यात होते, हा सारा मुलूख हादरवून टाकला. त्यानंतरच्या पुनर्वसनात काळा चहा ही युछीची ओळख म्हणून पुन्हा उभी राहिली. रुबीच्या संकराचे हे आई-बाप लक्षात ठेवले तर चव समजणे सोपे जाते: अंगातला दाटपणा आणि तुरटपणा ब्रह्मदेशी बाजूचा, आणि तो चमत्कारिक थंडगार वास रानचहाच्या बाजूचा, असे साधारणपणे मानले जाते.

त्या वासाबद्दल मात्र नवख्याची हमखास फसगत होते. वर्णनात ‘पुदिना आणि दालचिनी’ असे लिहिलेले असते, आणि वाचणाऱ्याच्या मनात हिरव्या चटणीतला पुदिना येतो. तसे काही नाही. रुबीतला गारवा गंधपुऱ्याच्या तेलाच्या वळणाचा आहे; त्या तेलातले मिथाइल सॅलिसिलेट हे संयुग काळ्या चहाच्या सुगंधातही असते आणि कंबरदुखीच्या मलमातही. त्यामुळे पहिल्याच घोटाला एखाद्याला मलमाची डबी आठवली तर त्याचे नाक बिघडलेले नाही, उलट ते चांगले काम करते आहे. हा वास कपावर नाक धरून शोधला तर पुसटसाच मिळतो. घोट गिळल्यावर नाकाने श्वास सोडला की तो खरा उमटतो, आणि दालचिनीची ऊब त्याच्या मागून येते. ज्यांना ही जोडी आवडते त्यांना दुसरा चहा फिका वाटू लागतो, आणि ज्यांना ती आवडत नाही त्यांना ती कितीही समजावून सांगितली तरी आवडत नाही.

मधगंधीची गोष्ट तुडतुड्यांची आहे. ह्वालिएनमधल्या रुइस्वेइ भागात, जेथून कर्कवृत्त जाते त्या वुहे पठारावर, उन्हाळ्यात लहान हिरवे तुडतुडे चहाच्या कोवळ्या पानांतला रस शोषतात. पाने कडेने पिवळी पडतात, शेंडे खुरटतात, उत्पन्न घटते, आणि झाड बचावासाठी जी सुगंधी संयुगे तयार करते तीच पाने कोमेजवताना व ऑक्सिडेशन होताना, म्हणजे हवा लागून काळवंडताना, मधासारखा दरवळ देतात. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे पडले की पानांवर चिकटा येतो हे पाहिलेल्यांना वाटते, की हा गोडवा त्या चिकट्याचाच असणार. पण तसे नाही, हा वास किडीने सोडलेल्या पदार्थाचा नसून जखमी झाडाने स्वतः घडवलेला असतो. आपल्याकडे ज्याच्या नावाने फवारणीचा पंप पाठीवर चढतो, त्याची तेथे वाट पाहिली जाते, आणि तो यावा म्हणून कीटकनाशक बाजूला ठेवावे लागते. यासाठी बहुधा लहान पानांचे, मुळात ऊलोंगसाठी, म्हणजे अर्धवट ऑक्सिडेशन केलेल्या चहासाठी, लावलेले वाण वापरले जातात, आणि लहान पानांत तुरटपणा मुळातच कमी असतो, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

तुलना खरोखर करायची असेल तर दोन्ही एकाच वेळी, एकसारख्या पेल्यांत कराव्यात. मी ओट्यावर दोन पांढरे कप ठेवतो, प्रत्येकात ३ ग्रॅम पत्ती, १५० मिलिलिटर खळखळते पाणी, वर बशी झाकण म्हणून, आणि ५ मिनिटांनी गाळणे. चहा पारखणारे साधारण असेच करतात, आणि हे मुद्दाम कठोर प्रमाण आहे, कारण त्यात दोष लपत नाहीत. कोरडी पत्ती पाहतानाच फरक दिसतो: रुबीची पाने लांब, काळपट, दोरीसारखा पीळ दिलेली आणि इतकी फुगीर, की चहाच्या चमच्यात नेहमीच्या दाणेदार चहाच्या निम्मीही मावत नाहीत, मधगंधीची पत्ती बारीक, तपकिरी, अधूनमधून सोनेरी टोकांची. बशी उचलून तिच्या आतल्या बाजूचा वास घ्यावा, कारण तो कपातल्या वासापेक्षा स्पष्ट असतो. रुबीचा रंग खरोखर माणकासारखा तांबडा येतो (चिनी नावाचा शब्दशः अर्थ मात्र ‘लाल जेड’ असा आहे), तर मधगंधीचा रंग नारिंगी, ताज्या काकवीत पाणी घातल्यासारखा. या कठोर प्रमाणात रुबीचा पहिला घोट हिरड्यांच्या कडा आवळतो, जीभ कोरडी करतो आणि मग गारवा सोडतो. मधगंधीत मात्र भाजलेल्या रताळ्याची गोडी, पिकल्या फळाची झाक आणि शेवटी मध असा क्रम लागतो, आणि घसा आवळत नाही. साखरेचा कणही न घालता चहा गोड कसा, असा प्रश्न आमच्याकडे येणारे पाहुणे हटकून विचारतात, आणि तो नेहमी दुसऱ्या कपाबद्दल असतो. दोन्ही कप २० मिनिटे तसेच ठेवून गार झाल्यावर पुन्हा चाखले, तर रुबीतली दालचिनी वर येते. मधगंधी जसा होता तसाच राहतो, थोडा सपाट होतो.

रोजच्या पिण्यासाठी हे प्रमाण अर्थातच सौम्य करायला हवे. रुबीसाठी ३ ग्रॅम पत्तीला २५० मिलिलिटर पाणी, उकळी आल्यावर गॅस बंद करून मिनिटभर थांबवलेले, आणि तीन मिनिटांत गाळून पूर्ण निथळलेले, एवढे पाळले तर तुरटपणा मर्यादेत राहतो. चौथ्या मिनिटापासून मोठे पान आपला हिशेब चुकता करू लागते. झाकणाच्या लहान कपात, ज्याला चिनी लोक गायवान म्हणतात, ५ ग्रॅम पत्ती आणि १२० मिलिलिटर पाणी घेऊन पंधरा-वीस सेकंदांच्या छोट्या फेऱ्या काढल्या तर रुबी सर्वांत चांगला उलगडतो: पहिल्या दोन फेऱ्यांत गारवा, मधल्या फेऱ्यांत दालचिनी, आणि पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत नुसती गोडसर ऊब. हे करायला माणूस जागेवर बसलेला हवा. मधगंधीला थेट उकळते पाणी चालते, मोठ्या किटलीत सहा-सात मिनिटे राहिला तरी तो बिघडत नाही, आणि फोन आला म्हणून विसरून गेलात तरी फार तर थोडा जड होतो. आमच्या आईने एकदा रुबी पातेल्यात घालून, नेहमीच्या सवयीने दोन उकळ्या काढून, साखर घालून दिला होता. ‘औषधी काढा चांगला आहे,’ असे म्हणत शेजारच्या काकूंनी तो संपवला, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

म्हणून ज्यांचा चहा कामाच्या टेबलावर, मोठ्या मगात, अर्धे लक्ष दुसरीकडे असताना होतो, त्यांनी पहिले पाकीट मधगंधीचे घ्यावे. दुधाच्या चहातून नुकतेच कोऱ्या चहाकडे वळणाऱ्यांनीही तेच घ्यावे, कारण साखर सोडण्याचा त्रास या चहात सर्वांत कमी होतो. ज्यांच्याकडे सकाळची निवांत वीस मिनिटे आहेत, घड्याळ लावून गाळण्याची शिस्त आहे आणि कॉफीतला किंवा दार्जिलिंगमधला तुरट-कडवट टोकदारपणा ज्यांना खुपत नाही, त्यांनी रुबीपासून सुरुवात करायला हरकत नाही. माझ्या स्वतःच्या डब्यात रुबी अधिक असतो, पण भेट द्यायची वेळ आली की मी मधगंधीच देतो.

दूध सोडायचेच नसेल तर दोन्ही नको. दुधात रुबीचा गारवा बुडतो आणि मधगंधीचा मध दुधाच्या गोडीत हरवतो, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच जाते. अशांसाठी त्याच युछी भागात क्रमांक ८ आहे, जो आसाम वंशाचाच निवडलेला वाण असून दाट, माल्टसारख्या चवीचा आणि सहसा रुबीपेक्षा स्वस्त असतो. त्याची ५ ग्रॅम पत्ती १५० मिलिलिटर उकळत्या पाण्यात ५ मिनिटे ठेवून मग गरम दूध घालावे. त्यात आले-वेलची घालायची असेल तर मात्र आपला नेहमीचा दाणेदार चहाच उत्तम. त्या कामात त्याला तैवानचा चहा हरवू शकत नाही.

खरेदी करताना रुबीच्या पाकिटावर मळ्याचा भाग लिहिलेला आहे का ते पाहावे, कारण या वाणाची लागवड आता युछीच्या बाहेरही होते, आणि नुसत्या ‘रुबी’ या शब्दावरून पाने कोठली हे कळत नाही. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी स्वस्तात घेतलेल्या पाकिटात लांब पानांऐवजी चुरा निघाला होता. रंग झकास आला, गारव्याचा मागमूस नव्हता. मधगंधीच्या बाबतीत तोडणीचा हंगाम विचारावा आणि उन्हाळी तोडणीचेच पाकीट घ्यावे, कारण तुडतुड्यांचा वावर उन्हाळ्यात सर्वाधिक असतो. आणि तेही ५० ग्रॅमपेक्षा मोठे घेऊ नये, म्हणजे पुढच्या खेपेला वेगळे निघाले तर वाईट वाटत नाही. बोअरच्या जड पाण्यात दोन्ही चहांवर तवंग धरतो आणि वास दबतो, तेव्हा निदान या चहापुरते गाळणयंत्राचे किंवा नळाचे मऊ पाणी वापरावे. पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात पाकीट उघडे राहिले तर आठवड्यात पत्ती मऊ पडते. घट्ट झाकणाचा स्टीलचा लहान डबा पुरेसा आहे, फक्त तो मसाल्याच्या फळीवर ठेवू नये.

रुबीची पाने गायवानमधल्या सहा फेऱ्यांनंतरही पुरती संपलेली नसतात. ती टाकून न देता अर्धा लिटर गार पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावीत. सकाळी जे फिकट, थंड पाणी मिळते त्यात तुरटपणा जवळजवळ नसतो आणि तो गंधपुऱ्याचा गारवा आदल्या दिवशीच्या कुठल्याही कपापेक्षा स्पष्ट लागतो.