बारावीनंतर नेत्रसेवेत: पदवी की हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण?

डॉक्टर व्हायचं नाही, पण डोळ्यांच्या दवाखान्यात काम करायचंय, असं घरातलं कुणी म्हणत असेल तर दोन वाटा आहेत. एक बी. ऑप्टोम. (बॅचलर ऑफ ऑप्टोमेट्री, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढण्याचं शिक्षण) पदवीची. ती आतापर्यंत साधारण चार वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. दुसरी, मोठ्या नेत्ररुग्णालयांनी स्वतःच्या गरजेपोटी सुरू केलेल्या एक-दोन वर्षांच्या प्रशिक्षणाची.

दुसरीला कमी लेखू नका. मदुराईचं अरविंद नेत्ररुग्णालय १९७६ साली ११ खाटांवर सुरू झालं. आज त्याचा भार खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलींवर आहे. त्यांना दोन वर्षं शिकवतात, तेही विद्यावेतन देऊन. नंबर तपासणं, डोळ्याचा दाब बघणं, पेशंटला समजावणं, थिएटरमध्ये पुढचा पेशंट तयार ठेवणं हे सगळं त्या करतात. म्हणूनच तिथला सर्जन एक मोतीबिंदू संपवून लगेच शेजारच्या टेबलाकडे वळू शकतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेचा व्हिजन टेक्निशियन तर वर्षभरात तयार होतो आणि साधारण ५०,००० वस्तीसाठीचं केंद्र सांभाळतो. चष्मा तिथेच, बाकीचे पेशंट वरच्या दवाखान्यात.

मग पदवी कशाला? कागदासाठी, आणि हा कागद किरकोळ नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार अलाइड हेल्थ प्रोफेशनल (तपासणी-उपचारात मदत करणारा तंत्रज्ञ) ठरायला किमान दोन वर्षं आणि २,००० तासांचं शिक्षण लागतं. हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी (स्वतः सल्ला किंवा सेवा देणारा) किमान तीन वर्षं आणि ३,६०० तास. एका वर्षाचा कोर्स या व्याख्येत बसतच नाही. शिकवलं त्याच संस्थेत राहायचं असेल तर ते खुपत नाही. नोकरी किंवा गाव बदलायची वेळ आली की खुपतं. स्वतंत्र प्रॅक्टिस, एम. ऑप्टोम., परदेशात ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून नोंदणी, या सगळ्यांना पदवीच विचारतात.

शस्त्रक्रिया मात्र दोघांनाही नाही. मलावी, टांझानियासारख्या देशांत नेत्रतज्ज्ञ इतके थोडे, की डॉक्टर नसलेल्या पण खास शिकवलेल्या माणसांनी तिथे मोतीबिंदू काढलेत. आपल्याकडे ते चालत नाही.

माझं मत सांगतो. घर चार वर्षं थांबू शकत असेल तर पदवी. लवकर कमवायचंच असेल तर दोन वर्षांचं, विद्यावेतन देणारं प्रशिक्षण. प्रमाणपत्राला मान्यता कुणाची आणि किती वर्षांचा बॉण्ड, हे लेखी घ्या. एका वर्षाच्या कोर्सला मी तरी पोरांना पाठवणार नाही, नोकरी आधी हातात असल्याशिवाय.

पदवीतही एक मेख आहे. काही कॉलेजांना स्वतःचं हॉस्पिटलच नसतं. रेटिनोस्कोपी (डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढणं) हाताला बसते ती रोज नवे डोळे बघून. वर्गमित्रांचेच डोळे तपासून नाही. प्रवेशाआधी कामाच्या दिवशी सकाळी जा, ओपीडीत किती पेशंट आहेत बघा आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा: स्वतः किती जणांचे नंबर काढलेत?