गच्चीवरचा स्पेक्ट्रम ॲनलायझर, मोजणी खालच्या टेबलावरून: आठ महिन्यांचा अनुभव

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं अँटेना दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. 1.5 गिगाहर्ट्झपर्यंतचा एक वापरलेला स्पेक्ट्रम ॲनलायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती पॉवर आहे ते दाखवणारं यंत्र) घेतला, गच्चीवरच्या खोलीत ठेवला आणि लॅनची वायर खाली आणली. पायथनचा प्रोग्रॅम दर अर्ध्या तासानं पाच फ्रिक्वेन्सींवरची पॉवर मोजून फाइलीत लिहितो. चार एफएम स्टेशनं, त्यात 102.7 मेगाहर्ट्झवरची कोल्हापूर आकाशवाणी, आणि पाचवी मुद्दाम रिकामी जागा, नॉइज कळावा म्हणून.

पहिल्या पंधरा दिवसांचे आकडे टाकून द्यावे लागले. वर्कशॉपातला पोरगा फाइल बघून म्हणाला, "दादा, रिकाम्या जागेवर आकाशवाणीएवढीच पॉवर कशी?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी सेंटर फ्रिक्वेन्सी बदलून लगेच मार्करचा (पडद्यावरच्या एका फ्रिक्वेन्सीवरच्या खुणेचा) आकडा मागत होतो. यंत्राचा नवा स्वीप, म्हणजे फ्रिक्वेन्सींवरून मोजत जाण्याची एक फेरी, अजून पूर्ण झालेला नसायचा, त्यामुळं आधीच्या फ्रिक्वेन्सीचाच आकडा हातात यायचा. चूक दाखवणारा एकही एरर नाही, हेच धोक्याचं.

आता क्रम असा आहे: सतत चालणारा स्वीप बंद, फ्रिक्वेन्सी द्यायची, एकच स्वीप सुरू करायचा, मग 'स्टार ओपीसी' आणि प्रश्नचिन्ह (*OPC?, म्हणजे 'काम संपलं का?') पाठवून थांबायचं. काम संपलं की यंत्र 1 असं उत्तर देतं. त्यानंतरच आकडा मागायचा. पायव्हिसा (पायथनमधून अशी यंत्रं चालवायची लायब्ररी) वापरत असाल तर टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, आधी वाढवा. तो मुळात 2 सेकंदांचा असतो आणि स्वीप त्याहून लांबला की प्रोग्रॅम मधेच पडतो.

एफएमसाठी मार्करवर विसंबू नका, हे मी कळकळीनं सांगतो. सिग्नल साधारण 200 किलोहर्ट्झ रुंदीत पसरलेला असतो आणि 10 किलोहर्ट्झ आरबीडब्ल्यूच्या (यंत्र एका वेळी जेवढी रुंदी बघतं तिच्या) मार्करला त्यातला एक तुकडाच दिसतो. त्यामुळं मी चॅनल पॉवर, म्हणजे पूर्ण रुंदीतली एकूण पॉवर, घेतो, डिटेक्टर आरएमएस (खरी सरासरी पॉवर देणारा) ठेवून. नॉइज मोजताना लॉग सरासरी (पॉवरऐवजी डीबीतल्या आकड्यांची सरासरी) चालू राहिली तर आकडा 2.5 डीबी कमी येतो. युनिटही प्रत्येक वेळी प्रोग्रॅममधूनच डीबीएम (1 मिलिवॉटच्या तुलनेत पॉवर) सेट करतो. कुणी समोरच्या बटणांवरून डीबी मायक्रोव्होल्ट (1 मायक्रोव्होल्टच्या तुलनेत व्होल्टेज) करून ठेवलं, तर 50 ओमला आकड्यात 107 चा फरक पडतो.

जवळचं स्टेशन जोरदार असेल तर ॲटेन्युएशन (आत येणारा सिग्नल कमी करायची सोय) 10 डीबीनं वाढवून बघा. आकडा हलला तर यंत्राच्या तोंडाशीच ओव्हरलोड होतोय.

या सगळ्या खटाटोपाचं चीज जुलैत झालं. पाऊस लागला आणि चारही स्टेशनांची पॉवर एकाच रात्रीत 3 डीबीनं खाली आली, म्हणजे निम्मी. एकच स्टेशन पडलं असतं तर मी त्यांच्या ट्रान्समीटरकडं बोट दाखवलं असतं. चारही पडल्यावर सरळ गच्चीवर गेलो. अँटेनाचा कनेक्टर उघडला तर आत पाणी, मधली पिन हिरवी झालेली. नवा कनेक्टर बसवून त्यावर वॉटरप्रूफ टेप गुंडाळला आणि संध्याकाळपर्यंत आकडे जागेवर आले. त्या दिवशी यंत्राचा पैसा वसूल झाला असं मला मनापासून वाटलं.

रिकाम्या फ्रिक्वेन्सीचाही उपयोग झाला. शेजारच्या शेडमधलं वेल्डिंग सुरू झालं की तिथला नॉइज वर जातो. त्यामुळं गिऱ्हाइकाच्या अँटेनाची तपासणी आम्ही आता जेवणाच्या सुट्टीत करतो, यंत्र अर्धा तास आधी तापवून.

वापरलेलं घेणार असाल तर मागे लॅनचं सॉकेट आहे का ते आधी बघा. नुसतं जीपीआयबी (मोजणीची यंत्रं जोडायचं जुन्या पद्धतीचं सॉकेट) असेल तर वेगळा ॲडॅप्टर लागतो आणि तो महाग पडतो.