नवी सॅक, दोन दिवसांची चाल
५० लिटरची ही नवी सॅक ११ किलो सामान भरून मी सलग दोन दिवस डोंगरवाटांवर वापरली. कमरपट्टा ही तिची खरी जमेची बाजू आहे. तो कमरेच्या हाडांवर बसवून आधी आवळला आणि खांद्यांचे पट्टे त्यानंतर ओढले, तर बहुतेक भार कमरेवर उतरतो आणि लांब चढावरही खांदे भरून येत नाहीत. पाठीकडील ताणलेल्या जाळीमुळे हवा खेळती राहते, पण सामान पाठीपासून दूर राहिल्याने तोल किंचित मागे जातो. पावसाचे आवरण पाठीची बाजू झाकत नसल्याने दुसऱ्या दिवशीच्या सरीत पाणी तिथूनच आत झिरपले. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळण्याची माझी जुनी सवय सुदैवाने सुटलेली नव्हती. बाजूच्या कप्प्यातली बाटली सॅक उतरवल्याशिवाय हाती लागत नाही, हे मात्र अक्षम्य आहे.