लहान की मोठी मोटरबोट: लांबीच्या आकड्यातून झालेली फसवणूक

हौसेसाठी जुनी मोटरबोट घेताना माझ्यासमोर दोन पर्याय होते, एक 21 फुटी आणि दुसरा 26 फुटी. दोन्हींच्या किमतीत फारसा फरक नव्हता आणि विक्रेता पुन्हा पुन्हा सांगत होता की थोड्याच पैशांत पाच फूट जास्त मिळत आहेत. ते पाच फूट खरे नव्हते. मागे जोडलेला पोहणाऱ्यांसाठीचा फलाट आणि पुढे आलेला नांगराचा कठडा धरून त्याने लांबी सांगितली होती. मुख्य सांगाडा जेमतेम 23 फुटांचा निघाला.

हा फरक किरकोळ नाही. लांबीच्या प्रमाणात रुंदी आणि खोलीही वाढली, तर 21 फुटांवरून 26 फुटांवर जाताना बोटीचे आकारमान जवळजवळ दुप्पट होते. 23 फुटांवर ते केवळ तिसऱ्या हिश्शाने वाढते. म्हणून जाहिरातीतली एकूण लांबी न पाहता सांगाड्याची लांबी स्वतः टेप लावून मोजावी. वजनाचेही तसेच. मला सांगितलेले वजन इंधन, पाणी आणि सामान वगळून होते. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलोचे असते, म्हणजे 300 लिटरची टाकी भरली की सव्वादोनशे किलो वाढतात, आणि ट्रेलर व तो ओढणारी गाडी यांची क्षमता भरलेल्या बोटीच्या वजनावर ठरवावी लागते.

मोठी बोट खुल्या समुद्रातही चालेल, हे आश्वासनही खोटे होते. तिच्या पाटीवर युरोपीय वर्गीकरणातला ‘सी’ वर्ग होता, म्हणजे किनाऱ्याजवळच्या पाण्यासाठीचा: वाऱ्याचा जोर बोफोर्ट मापाने 6 पर्यंत आणि लाटा 2 मीटरपर्यंत. लहान बोटीच्या पाटीवरही नेमका हाच वर्ग होता.

सर्वांत संतापजनक गोष्ट मात्र तपासणी अहवालाची. स्वतंत्र सर्वेअर, म्हणजे बोट तपासणारा तज्ज्ञ, आणतो म्हटल्यावर विक्रेत्याने मोठ्या बोटीचा म्हणून तयार अहवाल पुढे केला, पण तो दुसऱ्याच बोटीचा होता. त्यावरचा क्रमांक बोटीच्या मागच्या बाजूला कोरलेल्या क्रमांकाशी जुळत नव्हता, हे व्यवहार झाल्यावर उघड झाले. इंजिन ज्या मागच्या भिंतीवर टांगलेले असते, तिच्या फायबरच्या थरांमधले प्लायवूड स्क्रूच्या छिद्रांतून शिरलेल्या पाण्याने कुजले होते आणि वरून ताजा रंग दिलेला होता. अशा ठिकाणी हलक्या हातोडीने ठोकल्यास टणक आवाजाऐवजी बद्द आवाज येतो आणि ओलावा मोजण्याचे उपकरण आत मुरलेले पाणी दाखवू शकते. शिवाय मी पोहोचण्यापूर्वीच इंजिन तापवून ठेवले होते, त्यामुळे थंड इंजिन सुरू होताना किती त्रास देते ते मला दिसलेच नाही. इंजिनवर हात ठेवून पाहा आणि ते गरम असल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा या.

विसार देण्यापूर्वी करारात लिहून घ्या की तुम्ही नेमलेल्या सर्वेअरने बोट पाण्याबाहेर काढून तपासल्यावर आणि पाण्यात चालवून पाहिल्यावरच व्यवहार पक्का होईल, अन्यथा विसाराची पूर्ण रक्कम परत मिळेल. ही अट विक्रेत्याने नाकारली, तर बोट लहान असो वा मोठी, ती घेऊ नका.